नाना आज हो म्हणाले

रविवार, मार्गशीर्ष.

आज अमळनेरजवळ माझ्या जुन्या स्नेह्यांच्या, नानांच्या शेतात भरीत पार्टी झाली. जळगावला परतलो तरी हाताचा धुराचा वास जात नाही.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, नानांनी आयुष्यभर कापूस पिकवला, आणि दर हिवाळ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीवर वांगी भाजताना आमचं भांडण ठरलेलं. नाना म्हणायचे, "मानूसले त्यानं त्याले ठरवू द्या. सरकारनी मधमा येवानं नही." मी म्हणायचो, ज्याच्या ताटात काहीच नाही, तो तुमचं स्वातंत्र्य काय चाटणार? मग नाना उखडायचे. स्वतःचं ताटही त्यांनी कधी कुणाला वाढू दिलं नाही. ज्यानं त्यानं आपलं घ्यायचं, हा त्यांच्या शेतातला कायदा.

त्यांना आता काही आठवत नाही, हे त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं होतं. तरी मी मुद्दाम जुना वाद उकरला. नाना ऐकत राहिले, हसले. "तू म्हनस तेच खरं शे."

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं ना मला? मग राग का आला? भांडा ना, नाना!

जेवायला बसलो तेव्हा त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं. "तूच वाढ. कितलं ते बी तूच ठराव."

मी डाव त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुमचं तुम्ही घ्या. ते डावाकडे नुसते पाहत बसले. ताट रिकामंच.

शेवटी मीच वाढलं, थोडंसं. नानांना किती लागतं, हे मला कधी माहीतच नव्हतं.