करून दाखवा

सोमवार, पेण

आज औषधांच्या दुकानात पहिल्यांदाच एकटी. हॉस्पिटलातलं ट्रेनिंगचं वर्ष फुकट गेलं का, हीच धाकधूक. तिथल्या मॅडम मला प्रत्येक पेशंटला "औषध कसं घेता, करून दाखवा" असं म्हणायला लावायच्या. वैताग यायचा मला!

दुपारी हमरापूरच्या, गणपती रंगवणाऱ्या काकी दम्याच्या कॅप्सूल न्यायला आल्या. "दम लागायचा थांबत नाय गो." माझ्या तोंडून आपसूक निघालं, करून दाखवा. त्यांनी कॅप्सूल तोंडात टाकली आणि पाणी मागितलं! श्वासातून ओढायचं औषध, आणि ओढायचं मशीन पिशवीत कोरं करकरीत. कॅप्सूल थुंकायला लावली, नवी मशीनमध्ये घालून ओढायला शिकवलं.

"गोड लागतंय गो!"

हुश्श, म्हणजे पावडर आत पोचली. नाही गेलं वर्ष फुकट.

जाताना म्हणाल्या, "धन्याला पण धाडते. तो पण गिळतोच."