परिपाठातली घरची भाषा

कॅम्प नं. ३, उल्हासनगर
११ जुलै २०२४

चि. विक्रांत यास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझ्या वैष्णवीचा पाय आता बरा असेल. तिला म्हणावं, आत्याकडे येऊन नाचून दाखव, तरच खरं मानीन.

फोनवर बोलले तर रडेन, म्हणून लिहिते. सिंधी माध्यम बंद होऊन ती मुलं आमच्या मराठी शाळेत आली, तेव्हा तोंडच उघडत नव्हती. म्हणून मी परिपाठात रोज एकाला घरच्या भाषेत काहीतरी सांगायला लावलं. मग सगळ्यांनी मिळून संविधानाची उद्देशिका म्हणायची. मुलं बोलू लागली. काही पालकांनी तक्रार केली, तेव्हा तू शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेस याचाच मला आधार वाटला. शिक्षणतज्ज्ञ म्हणून तुझं नाव मीच सुचवलं होतं. रविवारी माझ्याकडे जेवताना म्हणालास, ताई, मी आहे ना. आणि काल 'परिपाठ फक्त मराठीत' हा ठराव तूच मांडलास, हे मला मोठ्या बाईंकडून कळावं?

आज सोनियाची पाळी होती. आजीची सिंधी गोष्ट पाठ करून आली होती बिचारी. तिला खाली बसवावं लागलं.

खरं काय ते लिही.
तुझी
शालनताई

हेंद्रेपाडा, बदलापूर
१४ जुलै २०२४

ती. ताईस,
सादर जयभीम. वि. वि. वैष्णवी चालते आहे.

ठराव मीच मांडला. तुला आठवत नसेल, तिसरीत गुरुजींनी मला बुद्धवंदना म्हणायला उभं केलं होतं, तेही कौतुकानं. त्या दिवसापासून माझ्याशेजारी कोणी डबा उघडला नाही. तू कोणाचा, हे शाळेनं मुलाला विचारूच नये, असं मला वाटतं. सगळ्यांनी एकच म्हणावं, एकाच भाषेत. पुढे कामालाही तीच येईल.

रविवारी सांगणार होतो. तू आग्रहानं वाढत होतीस. धीर झाला नाही.

रागाव, पण अंतर देऊ नकोस.
तुझा
विकी

कॅम्प नं. ३, उल्हासनगर
२३ जुलै २०२४

चि. विक्रांत यास,
सप्रेम जयभीम. वि. वि. डब्याचं इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीस. वाचून जीव तुटला. पण तू वंदना म्हटलीस यात काय चुकलं? तुझ्याशेजारी बसायला त्या मुलांना कोणीतरी शिकवायला हवं होतं. मी तेच करत होते रे.

हे तोंडावर बोलला असतास तर भांडले असते, कदाचित ऐकलंही असतं. तू माझं जेवलास आणि माझ्या पाठीमागे हात वर केलास.

परिपाठाचं काम मी सोडलं. मुलं आता एका सुरात म्हणतात. सोनियाचे ओठ हलतात, आवाज येत नाही. वर्गात मराठीतून उत्तरं द्यायला लागली होती, तेही थांबलं. काल धड्यातला प्रश्न विचारला तर बाकावर शेजारी बसणाऱ्या प्रज्वलकडे बघत राहिली.

रविवारी जेवायला ये, वैष्णवीला आण. तुझ्या आवडीचं करीन. शाळेचा विषय मात्र माझ्या घरात काढू नकोस. लोभ आहे, तो कुठे जाणार.
शालन