ऋतिकाची मूठ

प्रिय अभिमन,

प्रिय हा शब्द सवयीने लिहिला. त्यावरून आक्काचा राग निवळला, असं समजू नकोस.

इकडे धुळ्यात पाऊस बरा आहे. गुडघा कुरकुरतो, तरी परवा दोंडाईच्याला व्याख्यान देऊन आले. तुझ्या सुनेचा, डिंपलचा फोन होता. घराला रंग दिलात, भाजीला गंगाफळं आणून ठेवलीत, आपल्या देवीची, कानबाईची तयारी जोरात आहे म्हणे. ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला गेल्या श्रावणातला तुझा हात आठवला.

देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचा, ही आपल्या भाऊबंदकीची रीत. तू भावांत थोरला, म्हणून परातीत मुठी तू टाकतोस. तुझी पडली, मुलांची पडली, बारसंही न झालेल्या नातवाची पडली. योगेंद्रचं नाव आलं आणि तू हात झटकलास. आपला धाकटा भाऊ त्याच उन्हाळ्यात गेला होता. म्हणालास, "आते त्या घरमा माणूस नही." त्याची मेघा समोर जात्यापाशी बसली होती, तुमच्याच गव्हाची वाट पाहत. तिला टेकून ऋतिका. पोरीने आईला विचारलं, "मंग मी कोन शे?" मी तोंड उघडलं तर तू सगळ्यांदेखत हसलास. "आक्का, तुनं भाषण तठे धुयाले ठेव. तिले कोन उपाशी ठेवस? आम्हनामाईन खाई ती."

तुमच्यातलं खाऊ घालणार, उपकार केलेस! अरे, कानबाईची पोथी नाही, मंत्र नाहीत. तिचं जे काही आहे ते बायकांच्या गळ्यातल्या गाण्यांत आहे. मी पुष्कळ वाचलं, म्हाताऱ्यांना विचारलं; पोरीची मूठ टाकली तर देवी कोपते, असं मला कोणी सांगितलं नाही. रोट खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा आपण खड्ड्यात ओततो, पिठाचा कण पायाखाली येऊ नये म्हणून. आणि भावाची जिवंत लेक तू परातीबाहेर ठेवलीस.

रोट घरच्यांनीच खायचा, म्हणून माझं लग्न झालं त्या वर्षी आईने माझ्या ताटातला रोट उचलून पुरणपोळी वाढली होती. "आते तू दुसराना घरनी." मी गिळलं, कारण दुसरं घर होतं. ऋतिका कोणत्या घरची, सांग. आज तरी तुझ्याच घरची ना? की बाप मेला की मुलगी हवेत राहते?

भांडण नको म्हणून मेघा वर्षभर गप्प बसली. पण ऋतिका आता रोटाला हात लावणार नाही म्हणते. ती खोटं बोलत नाही, योगेंद्रवर गेली आहे.

शनिवारी गहू निघतील, म्हणून हे पत्र आधी. सगळ्या भाऊबंदांसमोर ऋतिकाच्या नावाने सव्वा मूठ टाक. मी येईन, नाचेन, सगळं विसरेन. नाही टाकलीस तर मेघा आपल्या घरी वेगळी कानबाई बसवेल. देवीला घालायची नथ मी घेऊन ठेवली आहे. गल्लीतल्या साऱ्या बायका तिच्याकडे गायला जाणार आहेत, तुझी डिंपलसुद्धा. तुझ्याकडे रोट असतील, जेवायला भाऊबंद असतील. देवीसमोर गाणं मात्र तुला म्हणावं लागेल, अभिमन. आणि तू तर आरतीसुद्धा मोबाइलवर लावतोस.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
प्रमिलाआक्का