बांधामागचे सतरा खड्डे

सोमवार

पोचले एकदाची! खोली झकास आहे, खिडकीतून समुद्राचा बांध दिसतो. बांधामागे एका रांगेत सतरा जुने खड्डे. ते कुणी, कशासाठी खणले, हे शोधून मी खात्याला अहवाल द्यायचा. आधीचा माणूस म्हणे काम अर्धवट टाकून पळाला. मी पळणार नाही, अहवाल दिला की नोकरी पक्की. ताईने निघताना बजावलंय, जिभेला आवर घाल. बघू.

मंगळवार

घरमालकीण चहाचा कप आदळून जाते. दुकानदाराने समोर साबण असून नाही म्हणून सांगितलं. मी यांचं काय घोडं मारलंय? बांधाच्या राखणदाराने विचारलं, किती दिवस राहणार. दहा म्हटल्यावर हसला मेला.

माझा अंदाज असा की बांधासाठी माती इथूनच उचलली.

बुधवार

अंदाज साफ फसला. बांध एकदाच घातलाय, खड्डे मात्र एका वयाचे नाहीत. पहिला जवळजवळ बुजलाय, सतराव्याच्या कडा अजून धारदार. अशा वेळी आमची रीत ठरलेली: शेजारी नवा खड्डा खणायचा आणि मातीचे थर जुन्याशी ताडून बघायचे. राखणदाराकडे चार माणसं मागितली.

गुरुवार

चार मागितली, अख्खं गाव फावडी घेऊन आलं. घरमालकीणसुद्धा. दुपारपर्यंत दीड पुरुष खोल खड्डा तयार. मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

शुक्रवार

सतराव्याचा तळ खरवडला. आमच्याच खात्याची मोजपट्टी निघाली. तिच्याखाली बूट, आणि बूट रिकामा नव्हता. सोळाव्यातही मोजपट्टी. पंधराव्यातही.

म्हणजे प्रत्येकाने आधीचे मोजले, आणि ताडून बघायला एक—

घरमालकिणीला जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, "आम्ही कुणाला खण म्हणत नाही, बाई. तुम्हीच खणता. मग समुद्र बांधाच्या आत येत नाही."

शनिवार सकाळ

बाहेर जायचा रस्ता एकच, बांधावरून. त्यावर सगळे ओळीने उभे. मी हात जोडले, शिव्या दिल्या. हलले नाहीत. भरती दुपारी—

शनिवार

माझ्याच खड्ड्यात आहे. मला आत उतरवून त्यांनी शिडी वर ओढून घेतली. मला जगायचंय. ताई, मला—

तळातून पाणी येतंय. वरून फावड्यांनी माती—

वही पिशवीत घालून पोटाशी धरते. माझ्यानंतर येणाऱ्या माणसा, तुला ही सापडेल. अंदाज चुकू दे, नोकरी जाऊ दे, पण ताडून बघायला नवा खड्डा