शेवट तळाला

३ मार्च, मंगळवार

संपादकाने आज हात वर केले. कागदावरचं साप्ताहिक बंद. आता जे काय निघेल ते वेबवर. पानं लावणाऱ्याला मागच्याच महिन्यात नारळ दिला होता, तेव्हाच कळायला हवं होतं. "आता जो तो आपापलं पान मांडेल," म्हणाला. म्हणजे हॉटेलात जायचं, जेवायचं आणि भांडीही आपणच घासायची! मी म्हटलं, मला टोमणे मारता येतात, पानं मांडता येत नाहीत. "शिका हो मॅडम. लोक पन्नाशीत पोहायला शिकतात." शिकतात — बुडतातही.

घरी येऊन ताईला फोन केला. वाटलं, हळहळेल. तर ही खूश! "अगं टाचणे, बरं झालं. कागदावरचं तुझं मला शेजारणीकडून वाचून घ्यावं लागतं. ती बया विनोद यायच्या आधीच हसत सुटते. आता माझा फोन वाचेल."

नजर गेल्यापासून ताईला सगळं तो फोनच वाचून दाखवतो. पत्रं, बिलं, औषधांच्या बाटल्या. आता मीही त्यात. ठीक आहे. माझे वाचक किती उरलेत ते मला ठाऊक आहे, पण लेख आला की फोन करणारी ही एकच. तिच्यासाठी शिकते.

५ मार्च, गुरुवार

ऑफिसातल्या तंत्रबाईने शिकवणी घेतली. बाई माझ्याच वयाची, पण बोलते अशी की मी नुकतीच रांगायला लागलेय.

पान म्हणजे डब्यात डबे. प्रत्येक डब्याला तयार शब्द चिकटवायचे — त्यांना क्लास म्हणतात. बाहेरच्या डब्याला 'फ्लेक्स' म्हटलं की आतले सगळे निमूट ओळीत उभे राहतात. माणसांसाठी असा शब्द का नाही? 'फ्लेक्स-कॉल' म्हटलं की एकाखाली एक. 'ग्रो' ज्याला लावाल तो उरलेली सगळी जागा बळकावतो — संपादक. 'श्रिंक-झिरो' म्हणजे कितीही अडचण होवो, हा तसूभरही आकसणार नाही — आमची ताई. आणि 'जस्टिफाय-बिटवीन': पहिला या टोकाला, शेवटचा त्या टोकाला, सगळी रिकामी जागा मध्ये. दोनच डबे असले की फारच उघडं दिसतं ते.

तंत्रबाईला म्हटलं, आमच्या घराचा आराखडा आहे हा. ती म्हणाली, "मॅडम, मधे गॅप किती देऊ?"

८ मार्च, रविवार

दिवसभर कुणाशी बोलणं नाही. दुपारी एक डबा पानाच्या बरोब्बर मध्यभागी आणला. "जमलं!" असं मोठ्याने म्हटलं. आपलाच आवाज ऐकून दचकले.

९ मार्च, सोमवार

सोन्यासारखा क्लास सापडला!

मी लेख शेवटापासून लिहिते. कायम. आधी डंख, मग त्याला शोभेलशी माशी. शेवटचा परिच्छेद मनासारखा उतरला की मगच सुरुवात सुचते. पूर्वी सुटे कागद द्यायचे, पानं लावणारा शिव्या घालत क्रम लावायचा. आता तो नाही, म्हणून मीच परिच्छेद उचलून खाली नेत होते, आणि दर वेळी एखादं वाक्य वाटेत सांडत होतं.

तर आहे 'ऑर्डर-लास्ट'. शेवटाच्या डब्याला तो चिकटवायचा, डबा आपोआप तळाला! बाकीच्यांना ऑर्डर एक, दोन, तीन. लिहायचं कसंही, दिसतं सरळ. एक अक्षर हलवावं लागत नाही. इतकं आज्ञाधारक माझ्या आयुष्यात कुणीच नव्हतं.

१२ मार्च, गुरुवार

पहिला लेख लागला. बागेतल्या बाकावर. साहेब बाकाचं उद्घाटन करतात, भाषण ठोकतात, ऐटीत बसतात, आणि शेवटी उठतात तेव्हा ओल्या रंगाचे पट्टे पँटीवर घेऊन घरी जातात. पान देखणं दिसत होतं. पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं — आरशात पाहावं तसं, आणि हल्ली आरशात पाहिल्यावर जे वाटतं त्याच्या अगदी उलट वाटलं.

संध्याकाळी ताईचा फोन. पण सूर काही वेगळाच.

"ऐकला ग. ते साहेब आधीच रंगलेले असतात का? मग बाक कधी येतं?"

"अगं, बसल्यावर रंगतात ना!"

"हं. हे असं तू मुद्दाम लिहिलंयस?"

"मुद्दामच! उपरोध आहे तो."

"बरं बरं," म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ताई कधी बोलत नाही. माझ्याशी तर नाहीच. मग विचारलं, जेवलीस का, झोप लागते का.

दमली असेल.

१९ मार्च, गुरुवार

दमलेली नाही. काहीतरी बिनसलंय.

आजचा लेख लिफ्टवर होता. इमारतीत लिफ्ट बसवायची की नाही यावर सभा, सभेत उपसमिती, उपसमितीत भांडण, आणि शेवटी लिफ्ट येते तेव्हा जिने चढवत नाहीत म्हणून ती मागणारे आजोबा घर बदलून तळमजल्यावर गेलेले. ताई म्हणाली, "आजोबा गेले तळमजल्यावर, ते कळलं. पण मग ते लिफ्ट कशाला मागतात?" मी समजावलं. ती ऐकत राहिली. मधेच म्हणाली, "आज वार कोणता ग?"

"गुरुवार."

"आणि शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव. का?"

"त्यातून अजून सात?"

ही बाई जन्मभर गणित शिकवत होती! पाढे चुकले की मला चिमटे काढायची, त्याचे वळ अजून मनावर आहेत. आणि आज ती मला वजाबाकी विचारते. मी उत्तरं दिली. ती प्रत्येक उत्तराला "शाबास" म्हणत होती. मला रडू आलं, पण फोन ठेवेपर्यंत थोपवलं.

२० मार्च, शुक्रवार

ताईच्या मुलाला सांगायचं की नाही?

सांगितलं तर तो काय करील ते मला ठाऊक आहे. कर्तव्यदक्ष पोरगा. ताईच्याच शहरात राहतो, पण दुसऱ्या टोकाला. ताईच्या घराला कुलूप लावून तिला आपल्याकडे नेईल. नजर गेली तेव्हाच न्यायला निघाला होता. ताई दारात आडवी उभी राहिली: "या घरात मला दिसतं. कपाटाचा कोपरा कुठे, उंबरा कुठे, नळ कुठला गळतो — सगळं दिसतं. दुसरीकडे गेले की मी आंधळी." तो मुकाट परत गेला. डोकं शाबूत होतं म्हणून जिंकली. आता डोक्यावरच बोट ठेवलं, तर कोणत्या तोंडाने भांडेल?

आणि नाही सांगितलं नि ती कुठे धडपडली तर?

दिवसभर 'जस्टिफाय-सेंटर'शी खेळत बसले. डबे मधे आणणं सोपं आहे.

२२ मार्च, रविवार

सांगितलं.

भाच्याने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "मावशी, मला काही जाणवलं नव्हतं. माझ्याशी नीट बोलते ग."

"तुझ्याशी काय बोलते? भाजी आण, दिवा बदल. माझ्याशी गोष्टीवर बोलते, आणि गोष्टीचा क्रम राहत नाही तिच्या डोक्यात. शेवट आधी, सुरुवात नंतर."

"डॉक्टरांची वेळ घेतो. आणि इकडची खोली रिकामी करून ठेवतो."

खोली रिकामी करून ठेवतो! किती पटकन. फोन ठेवला नि वाटलं, आपणच तिच्या दारावर कुलूप आपटून आलो.

२४ मार्च, मंगळवार

ताईला फोन केला नाही. तिचा आला, उचलला नाही. काय बोलणार? चहा केला, तसाच निवला.

२६ मार्च, गुरुवार

लेख लागला. आज ताईला डॉक्टरकडे नेणार होते. तिचा फोन नाही. भाच्याचा नाही.

संध्याकाळ खायला उठली. घरात दुसरा आवाज असावा म्हणून रेडिओ लावला. तिथे दोघं जण एकमेकांचं कौतुक करत होते, बंद केला. मग मनात आलं, ताईसारखं आपणही फोनकडून वाचून घ्यावं. स्वतःचाच लेख, परक्या बाईच्या तोंडून! एकटेपणाची हौस म्हणतात ती हीच. फोनमधला वाचून दाखवायचा आवाज चालू केला, पान उघडलं.

बाईने सुरुवात केली — शेवटापासून.

वाटलं, चुकून कुठे बोट लागलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आधी डंख. मग मधला भाग. मग कुठूनसा उगवलेला आणखी एक मधला भाग. आणि सगळ्यात शेवटी, अत्यंत गंभीर आवाजात, पहिलं वाक्य.

डोळ्यांसमोर तेच पान सरळ, देखणं, ओळीने उभं!

बसकणच मारली. तंत्रबाईला फोन लावला. ती जेवत होती. "मॅडम, ऑर्डर दिसण्यापुरतं असतं हो. डोळ्यांना डबा तळाला दिसतो. वाचणारा आवाज तुम्ही ज्या क्रमाने टाइप केलंय त्याच क्रमाने वाचतो. परिच्छेद हलवा आणि ते क्लास काढून टाका. दहा मिनिटांचं काम."

म्हणजे ताई नीटच ऐकत होती! मी उलटं ऐकवत होते, ती उलटं ऐकत होती आणि बिचारी तंतोतंत तेच मला सांगत होती. बाक, साहेब, आजोबा — एकही शब्द तिचा चुकला नव्हता. आणि मी तिच्या पोराला फोन करून सांगितलं की तुझ्या आईचं डोकं फिरलंय!

हसायला येत होतं. उद्या सकाळी पहिला फोन भाच्याला. मग पान दुरुस्त. मग ताईच्या शिव्या, पोटभर.

२७ मार्च, शुक्रवार

भाच्याने मला बोलूच दिलं नाही.

"मावशी, अगं आई ठणठणीत आहे! डॉक्टरांनी हजार प्रश्न विचारले, हिने त्यांचीच बेरीज चुकलेली दाखवली. ते सोड. बाहेर आल्यावर मला म्हणते, आता खरं सांग, तू मला इथे का आणलंस? मी तुझं नाव सांगितलं. तर हसली नाही, चिडली नाही. म्हणाली, तिला स्वतःचं कळत नाहीये रे, म्हणून माझ्यावर ढकलते."

"काय?"

"तुझे लेख म्हणे दोन-तीन आठवडे भरकटलेत. शेवट आधी येतो. तिने तुला वारसुद्धा विचारून पाहिला. डॉक्टरांनाही तिने तुझ्याबद्दलच विचारलं, बहिणीचं असं होत असेल तर काय करायचं म्हणून. ते म्हणाले, एकटं ठेवू नका."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, तू ठीक आहेस ना? आई घर आवरायला लागलीय. तिचं घर. तुझ्याकडे राहायला येते म्हणते. मी म्हटलं, तिथे तुला काही दिसणार नाही. तर म्हणाली, दोघींत एकीला दिसलं की पुरे."

सगळा खुलासा जिभेवर होता. डबे, क्लास, क्रम. दोन वाक्यांचं काम.

म्हटलं, "दुधाला उकळी आलीय, नंतर बोलते." गॅसवर काहीच नव्हतं.

२८ मार्च, शनिवार

पान अजून तसंच आहे. ताईचा फोन आला. उद्या निघते म्हणाली. कपबशा शेजारणीला देऊन टाकल्या, नळ गळतो ते घरमालकाला सांगितलं.

मग पुन्हा तो मऊ आवाज. "टाचणे, बाहेर जाताना कुलूप नीट लावतेस ना ग?"

"कधी कधी राहतं," म्हटलं.

आजवर एकदाही राहिलेलं नाही.