पिवळा ठिपका

आग्रा रोड, नाशिक
ता. १९ जानेवारी १९८७

प्रिय देवराम,

माझं अक्षर बघून हसू नकोस. चौथीनंतर तुला सांभाळायला म्हणून माझी शाळा सुटली, तेव्हा हसायचा हक्क तुला नाहीच. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता आलं असतं, पण हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं पत्र नाही. तू मालेगावात यंत्रमागांना तेल घालतोस, असं सटाण्याची चिमणामावशी सांगत होती. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माझा भाऊ. ऐकलं आणि ताट सारलं. भाऊबीजेला पाट मांडून ठेवला होता. तू आला नाहीस ते बरोबरच केलंस.

इथली खबर अशी की रावजी पुन्हा राजस्थानात वाळवंटातल्या शर्यतीला निघालेत. त्यांची तीच जीप आपल्या गॅरेजात उभी आहे. तुझे दाजी इंजिनाखाली जाड पत्रा ठोकतायत, पाण्याचे डबे बसवतायत. गाडी हाकायला रावजी, नकाशा वाचायला कारभारी मास्तर, मेकॅनिक कोण ते अजून ठरायचंय. मागची ती सीट रिकामी दिसली की मी दुसरीकडे बघते.

मागच्या वेळी सगळी तयारी तुझीच होती. दारणा नदीच्या वाळूत जीप नेऊन तू चाकांतली हवा सोडायला लावायचास आणि परत भरायला लावायचास. पंप मारून मारून मास्तर आडवे झाले, म्हणाले, यापेक्षा वर्गातली साठ पोरं परवडली. आणि मी दशम्या किती दिवस टिकतात ते बघायला डब्यात घालून आठ दिवस पत्र्यावर उन्हात ठेवल्या होत्या. आठव्या दिवशी तू त्यातली एक चाकाखाली सारलीस, म्हणालास, रुतलो तर हीच बाहेर काढणार. मी लाटणं घेऊन मागे लागले होते. तुला आठवत असेल.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर कागद संपेल. अष्टमीला तू जीपला स्प्रिंगचे नवे पाटे घातलेस आणि सामान भरून सटाण्यापर्यंत फिरवून आणलीस. नवे पाटे ओझ्यानं बसतात, मग त्यांना एक्सलशी आवळून धरणारे बोल्ट परत कसावे लागतात, एवढं गॅरेजवाल्याच्या बायकोला कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिघं हेल्मेटं आणायला मुंबईला निघालात. जाताना तू मला म्हणालास, "अक्का, दाजींना सांग, मागचे बोल्ट कसा आणि ठिपका द्या." तुझी पद्धतच ती. कसलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका, म्हणजे नंतर कुणाला शंका नको.

त्या दिवशी खंडेनवमी. पाने, हातोडे, जॅक सगळं धुऊन मी पाटावर मांडलं होतं. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही, हे आपल्या गॅरेजात सासऱ्यांपासून चालत आलंय. पूजा झाली की सांगू म्हटलं. मग बायका आल्या, नैवेद्य झाला, विसरले. नाही, हे खोटं लिहिलं. दुपारी आठवलं होतं. पण मांडलेली पूजा मोडायची नव्हती. म्हटलं, उद्या सकाळी बघू. जीपचीही पूजा मीच केली. चाकांना, बॉनेटला, मागे वाकून पाट्यांना, नटांना. माझी घाई तुला ठाऊक आहे. कुंकवाचा करंडा घरात राहिला होता, तो आणायचा कंटाळा केला आणि नुसत्या ओल्या हळदीची बोटं लावत सुटले.

दसऱ्याला रावजी वेळेच्या आधीच हजर. मी आरतीचं ताट घेऊन उभी. तू चाकामागे वाकून बघितलंस आणि म्हणालास, "दाजींनी कसले वाटतं." तू काय बघितलंस ते मला तिथंच कळलं. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो, देवराम? पण परत पाने काढायचे, मुहूर्त टळायचा, चारचौघांत माझी चूक निघायची. मी उलट तुझ्यावरच खेकसले, कपाळ पुढे कर म्हणून.

शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी मागचा एक्सल सरकला आणि जीप वाळूत बसली. ट्रकवर घालून आणली तेव्हा रावजी सगळ्या गॅरेजसमोर तुला बोलले, ठिपके द्यायला वेळ होता, पाना फिरवायला नव्हता. तुझे दाजी काही विचारणार, त्याआधीच तू म्हणालास, "दाजींना सांगायचं माझंच राहिलं." आणि मी? मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, याच्याकडून हेच व्हायचं होतं. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस.

तू घर सोडून गेल्यावर तुझी खाकी पँट धुवायला घेतली. खिशात चिंधीत बांधलेला नट निघाला. आट्यांत वाळू, आणि कडेला वाळलेलं पिवळं. नाकाशी नेलं तर हळद. म्हणजे तुला तिथं वाळवंटातच कळलं होतं. हा नट रावजींच्या हातावर ठेवला असतास तर सुटला असतास. तू तो चिंधीत बांधून ठेवलास. तेव्हापासून देवापुढे हळद वाहताना माझं बोट थांबतं.

माफी मागायला लिहीत नाही. माफी मागणं सोपं, तू लगेच देशील, तुझा स्वभावच तसला. रावजी आज अकराला नवा मेकॅनिक ठरवायला येतायत. त्यांच्यासमोर, दाजींसमोर, माणसांसमोर मी हे सगळं सांगणार आहे. नट पदराला बांधलाय. पण फटकळ असले तरी मी मला ओळखते, ऐनवेळी माझी जीभ दुसऱ्याची चूक काढायलाच वळते. म्हणून आधी हे पत्र नाक्यावरच्या पेटीत टाकून येते. एकदा टाकलं की मला परत काढता येत नाही, आणि तुला ठाऊक असताना मी गप्प बसले तर या वेळी मला तोंड लपवायला जागा नाही. सीट तुझी आहे. यायचं की नाही ते तू ठरव.

हळदीचा ठिपका देणारी, पण तुझीच
अक्का