काकूंच्या कपाटातला फोन

कोथरूड, मंगळवार

प्रिय आई,
सप्रेम जयभीम. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. धाकट्या आयुषचा खोकला थांबला का?

गेमपायी माझे दोन विषय राहिले, म्हणून शनिवारी मीच फोन घरमालकीण पद्मजाकाकूंकडे दिला. परीक्षेपर्यंत मागितला तरी द्यायचा नाही, असं ठरलं. "आम्ही लॉकर उघडलेला नाही," म्हणाल्या, पण ठेवला कपाटात.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पुस्तक धरलं तरी अंगठे हलतात. उगाच जिना उतरते, पुन्हा चढते.

काल काकूंना म्हटलं, "आईला बरं नाही, फोन करायचाय." त्यांनी काही न विचारता फोन दिला, वर वाटीभर शिराही. आई, मी तुला फोन केलाच नाही. गेम लावला.

आज फोन परत दिला, तर त्यांनी विचारलं, "आई कशी आहे गं?" शिरा अजून तसाच आहे.

पत्र मिळाल्याबरोबर काकूंना फोन कर, नंबर मागे लिहिलाय. तुला काही झालं नव्हतं, हे तूच सांग. नाहीतर मी पुन्हा तेच सांगून फोन मागेन.

आणि तू खरंच बरी आहेस ना गं?

तुझी,
अक्षता